न दिसणाऱ्या अपंगत्वाची नोंद

परीक्षेच्या दालनात अंध विद्यार्थी शिरतो तेव्हा त्याला मदतीची गरज आहे, हे कोणाला सांगावे लागत नाही. ज्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, त्याची अडचण दारावरच्या शिपायालाही कळते. परंतु ज्या विद्यार्थ्याला गेल्या आठ दिवसांत धड झोप लागलेली नाही, ज्याच्या मनात एकच शंका शंभर वेळा उठते, किंवा औषधांच्या गुंगीतून ज्याला सकाळी अकरापर्यंत बाहेर पडता येत नाही, तो इतर चाळीस जणांसारखाच बाकावर बसलेला दिसतो. त्याची अडचण आधी कागदावर यावी लागते, मगच ती इतरांच्या डोळ्यांना दिसू लागते. मनोविकारामुळे येणारे अपंगत्व कागदावर कसे उतरते, त्या कागदाने काय साधते आणि काय साधत नाही, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

बनशंकरीतील एक उदाहरण

बंगळूरच्या दक्षिण भागातील बनशंकरी ही मुख्यतः मध्यमवर्गीयांची विस्तीर्ण वसाहत आहे. कनकपुरा रस्त्यावरील देवीच्या देवळावरून तिला हे नाव पडले. बदामीची बनशंकरी ही महाराष्ट्रातील अनेक घराण्यांची कुलदेवता असल्यामुळे मराठी वाचकाला हे नाव परके वाटणार नाही. राहुकाळात लिंबाच्या सालीत दिवा लावून देवीपुढे ठेवण्यासाठी या देवळात मोठी गर्दी लोटते. वसाहतीच्या आसपास अभियांत्रिकीची आणि इतर शाखांची महाविद्यालये आहेत. जयनगर ओलांडून होसूर रस्त्याला लागले की राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था येते. ‘निमहान्स’ या संक्षिप्त नावाने ती देशभर ओळखली जाते. देऊळ, महाविद्यालय आणि रुग्णालय अशी तीन ठिकाणे येथे एकमेकांपासून फार दूर नाहीत. मनोविकाराने ग्रासलेल्या विद्यार्थ्याचे कुटुंब बहुधा याच क्रमाने ती ओलांडते.

समजा, या वसाहतीत एक विद्यार्थिनी राहते. वडील नोकरीनिमित्त बेळगावहून आलेले. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड आणि महाविद्यालयात इंग्रजी. ती अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात आहे. गणित सोडवून झाले तरी ते बरोबर आले अशी तिची खात्री पटत नाही. ती उत्तर पुन्हा तपासते, खोडते, तेच पुन्हा लिहिते. प्रश्नातील एकेक ओळ चार वेळा वाचल्याशिवाय तिला पुढे जाता येत नाही. तीन तास संपतात तेव्हा निम्मी उत्तरपत्रिका कोरी असते. मराठीत या विकाराला ‘मंत्रचळ’ असा जुना शब्द आहे. डॉक्टर त्याला ओसीडी म्हणतात. प्राध्यापकांचे मत असे, की मुलगी हुशार आहे, पण वेळेचे भान नाही. आई प्रथम देवीला नवस बोलते, मग शेजारच्या डॉक्टरांकडून झोपेच्या गोळ्या आणते, आणि पहिल्या वर्षाचे दोन विषय राहिल्यावर तिला मनोविकारतज्ज्ञाकडे नेते. नवसाने घराला धीर येतो. पण नवसाची तारीख कोठेही लिहिलेली नसते. लेखी नोंद सुरू होते ती रुग्णालयाच्या पहिल्या केसपेपरपासून. या गोष्टीला पुढे किती महत्त्व येते, हे लवकरच दिसेल.

हे उदाहरण काल्पनिक असले तरी अपवादात्मक नाही. निमहान्सने २०१५-१६ साली १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत १३ ते १७ या वयोगटातील ७.३ टक्के मुलामुलींत कोणता ना कोणता मनोविकार आढळला होता. याचा अर्थ असा, की साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात अशी चार मुले तरी असणे संभवनीय आहे.

कायद्याची वाटचाल

मनोविकाराने अपंगत्व येऊ शकते हे भारतीय कायद्याने प्रथम १९९५ साली मान्य केले. त्या वर्षीच्या अपंग व्यक्ती अधिनियमात सात प्रकार नमूद होते आणि मानसिक आजार हा त्यांपैकी एक होता. परंतु नोकऱ्यांतील तीन टक्के राखीव जागा अंध, कर्णबधिर आणि हालचालींचे अपंगत्व असलेल्या व्यक्तींपुरत्याच ठेवल्या गेल्या. मनोविकार यादीत आला, पण लाभ देताना तो बाजूस राहिला.

२००६ साली संयुक्त राष्ट्रांनी अपंग व्यक्तींच्या हक्कांची संहिता स्वीकारली आणि २००७ साली भारताने तिला मान्यता दिली. तिला अनुसरून २०१६ चा अपंग व्यक्ती हक्क अधिनियम झाला व तो १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. सात प्रकारांचे आता एकवीस झाले. मानसिक आजाराची व्याख्याही अधिक नेमकी झाली: विचार, मनोवस्था, संवेदन, भान किंवा स्मृती यांत असा ठळक बिघाड, की ज्यामुळे निर्णयशक्ती, वर्तन, वास्तव ओळखण्याची क्षमता अथवा जीवनातील नेहमीच्या गरजा भागविण्याची ताकद फार मोठ्या प्रमाणात खालावते. या व्याख्येचा उत्तरार्ध विशेष महत्त्वाचा आहे. रोगाला कोणते नाव आहे यावर कायदा थांबत नाही. त्या रोगामुळे रोजच्या जगण्यात काय अडते, हे तो विचारतो.

या अधिनियमात दोन पातळ्या आहेत आणि त्यांचा घोटाळा करणे ही विद्यार्थ्यांची, पालकांची आणि महाविद्यालयांची सर्वांत सामान्य चूक होय. पहिली पातळी अपंग व्यक्तीची. ज्याचे दीर्घकालीन वैगुण्य आणि भोवतालचे अडथळे यांच्या संयोगाने इतरांच्या बरोबरीने सहभागी होणे कठीण होते, तो अपंग. दुसरी पातळी निश्चित प्रमाणाच्या अपंगत्वाची, म्हणजे किमान ४० टक्के अपंगत्व प्रमाणित झालेल्या व्यक्तीची. शासकीय व अनुदानित उच्चशिक्षण संस्थांतील किमान पाच टक्के राखीव जागा आणि वयोमर्यादेतील पाच वर्षांची सूट ही दुसऱ्या पातळीसाठी आहे. मात्र शिक्षणसंस्थेने व्यक्तीच्या गरजेनुसार वाजवी सोय करावी, अभ्यासक्रमात व परीक्षेच्या पद्धतीत योग्य ते फेरबदल करावेत, जादा वेळ आणि लेखनिक द्यावा, ही कलम १६ व १७ मधील कर्तव्ये सांगताना कायद्याने ४० टक्क्यांची अट घातलेली नाही.

आपल्या कार्यालयांतून या सर्वांना सरसकट ‘सवलत’ म्हणण्याचा प्रघात आहे. शब्द लहान असला तरी त्याने विचार बिघडतो. सवलत देणारा उदार असतो आणि घेणारा उपकृत. राखीव जागेला कोणी सवलत म्हणो. परंतु परीक्षेतील जादा वेळ ही सोय आहे. चष्मा लावल्याने गुण वाढत नाहीत, केवळ फळा दिसतो. सोयीचे कामही तेवढेच असते.

महाराष्ट्रात या बाबतीत एक बोधप्रद पूर्वपीठिका आहे. वाचन-लेखनातील विशिष्ट अध्ययन-अक्षमता असलेल्या मुलांना शालेय व शालान्त परीक्षांत जादा वेळ आणि इतर सोयी देण्यास तेथील शासनाने १९९६ पासून सुरुवात केली, आणि मुंबईच्या शीव रुग्णालयासारख्या ठिकाणी अशा मुलांची रीतसर तपासणी होऊ लागली. केंद्रीय कायद्याने या अक्षमतेला अपंगत्वाच्या यादीत जागा दिली ती त्यानंतर वीस वर्षांनी. तपासणीची पद्धत, अहवाल आणि त्यावरून ठरणारी सोय यांची साखळी एकदा बसली, की न दिसणारी अडचणही शाळेला समजते, हे त्यावरून सिद्ध झाले. मनोविकाराच्या बाबतीत ही साखळी अजून पुरती जुळलेली नाही.

मोजमापाची रीत

मनोविकाराचे अपंगत्व मोजण्यासाठी भारतात जी मापनश्रेणी वापरली जाते तिला ‘आयडियाज’ असे संक्षिप्त नाव आहे. भारतीय मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या पुनर्वसन समितीने ती तयार केली. २००२ साली केंद्र शासनाने तिचा स्वीकार केला आणि २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतही तिला स्थान मिळाले. तिच्यात जीवनाची चार अंगे पाहिली जातात: स्वतःची निगा, लोकांशी संबंध, संवाद व आकलन, आणि काम. विद्यार्थ्याच्या बाबतीत अभ्यास हेच काम समजतात. प्रत्येक अंगाला शून्यापासून चारपर्यंत गुण मिळतात. शून्य म्हणजे अडचण नाही आणि चार म्हणजे संपूर्ण अक्षमता. या बेरजेत आजाराच्या कालावधीचे गुण मिळवावे लागतात: दोन वर्षांहून कमी असल्यास एक, दोन ते पाच वर्षांस दोन, सहा ते दहा वर्षांस तीन, आणि त्याहून अधिक असल्यास चार. एकूण गुण जास्तीत जास्त वीस. एक ते सहा गुण म्हणजे ४० टक्क्यांहून कमी. सात ते तेरा म्हणजे ४० ते ७० टक्के. चौदा ते एकोणीस म्हणजे ७१ ते ९९ टक्के. आणि वीस म्हणजे शंभर टक्के.

आता बनशंकरीतील विद्यार्थिनीचा हिशेब मांडून पाहू. स्वतःची निगा ती व्यवस्थित राखते: शून्य. मैत्रिणींना ती टाळू लागली आहे: एक. समोरच्याचे बोलणे पुन्हा पुन्हा विचारून घ्यावे लागते: एक. अभ्यास व परीक्षा यांत अडचण तीव्र आहे: तीन. बेरीज पाच. केसपेपरवर आईच्या सांगण्यावरून ‘चौदा महिन्यांपासून त्रास’ असे लिहिले गेले आहे. म्हणून कालावधीचा एक गुण. एकूण सहा, म्हणजे ४० टक्क्यांच्या आत.

परंतु खोलात चौकशी केली असता असे निष्पन्न होते, की त्रास दहावीतच सुरू झाला होता. त्या वर्षीच्या वह्यांची पाने खोडून खोडून फाटली होती. शाळेने ‘उत्तरपत्रिका अपूर्ण’ असा शेरा प्रगतिपुस्तकावर दोनदा मारला होता. आईने मोजणी केली ती मुलगी नापास झाल्यापासून, कारण तोपर्यंत घराने त्याला आजार मानलेच नव्हते. खरा कालावधी चार वर्षांचा आहे. तो नोंदला गेला तर कालावधीचे गुण दोन होतात आणि एकूण सात. चारही अंगांचे गुण तसेच राहिले, मुलगी तीच, परीक्षा तीच. केसपेपरवरील एका वाक्याने ती रेषेच्या अलीकडून पलीकडे गेली.

यावरून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली अशी, की पहिल्या भेटीत आजाराचा इतिहास खरा आणि पूर्ण सांगितला पाहिजे. वाढवून सांगणे जितके गैर तितकेच लाजेपोटी कमी करून सांगणे नुकसानकारक. जुन्या वह्या, प्रगतिपुस्तके, पूर्वीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, औषधांच्या पावत्या हे सर्व पुराव्याच्या स्वरूपाचे आहे आणि ते जपून ठेवावे. दुसरी गोष्ट मापनश्रेणीच्या मर्यादेची. ती मुख्यतः दीर्घकालीन पुनर्वसनाच्या दृष्टीने घडविलेली आहे. जो विद्यार्थी स्वतः आंघोळ करतो, जेवतो, बसने कॉलेजला जातो, त्याला पहिल्या अंगात शून्यच मिळणार. परीक्षेच्या तीन तासांत त्याची काय अवस्था होते, हे त्या शून्यातून कळत नाही. शिवाय मनोविकार चढउताराचे असतात. तपासणीच्या दिवशी रुग्ण बरा दिसला तर गुण कमी पडतात. म्हणून चांगल्या आणि वाईट काळाची साधी रोजनिशी, म्हणजे किती दिवस झोप नव्हती, किती दिवस वर्गाला जाता आले नाही, याची तारीखवार नोंद, तपासणाऱ्याला फार उपयोगी पडते.

प्रमाणपत्राचा मार्ग

बंगळूरमध्ये या कामाला अनुकूल अशी दीर्घ परंपरा आहे. १९५४ साली येथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली. डिसेंबर १९७४ मध्ये ती आणि जुने मानसिक रुग्णालय यांच्या एकत्रीकरणातून निमहान्स उभी राहिली. २०१२ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. तेथे उपचारांबरोबर अपंगत्वाचे मूल्यमापनही होते. बनशंकरीतील विद्यार्थ्याला तेथे पोचावयास फार तर तासभर लागतो. बिदर किंवा गुलबर्ग्याच्या खेड्यातील विद्यार्थ्याला हाच प्रवास रात्रभराचा असतो. त्याच्यासाठी जिल्हा रुग्णालय हेच ठिकाण सोयीचे.

जून २०२१ पासून अपंगत्वाची प्रमाणपत्रे देशभर एकाच संगणकीय व्यवस्थेतून दिली जातात आणि त्यांबरोबर एक विशिष्ट ओळखक्रमांक मिळतो. अर्ज संगणकावरून करावा लागतो. त्यानंतर वैद्यकीय प्राधिकाऱ्यांपुढे तपासणी होते. २०१७ च्या नियमांत प्रमाणपत्र देण्यास एक महिन्याची मुदत होती. २०२४ च्या दुरुस्तीने ती तीन महिने झाली. विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. सहा महिन्यांच्या सत्रात तीन महिने वाट पाहण्यात गेले तर परीक्षा दाराशी आलेली असते. यास्तव अर्ज सत्राच्या आरंभीच केलेला बरा.

प्रमाणपत्र कायमचे किंवा ठरावीक मुदतीचे असते. सुधारणेची शक्यता असलेल्या मनोविकारांत ते मुदतीचे असणे स्वाभाविक आहे, आणि त्यात खेद मानण्यासारखे काही नाही. मात्र मुदत संपण्यापूर्वी नव्या तपासणीची तयारी ठेवावी. अर्ज नाकारला गेल्यास प्राधिकाऱ्याने कारणे लेखी कळवावयाची असतात, आणि त्या निर्णयाविरुद्ध अपील करण्याची तरतूद अधिनियमाच्या कलम ५९ मध्ये आहे. ४० टक्क्यांहून कमी अपंगत्वाचेही प्रमाणपत्र मिळते. ते निरुपयोगी समजून टाकून देऊ नये, याचे कारण पुढील भागात येईल.

चाळीस टक्क्यांच्या अलीकडे

लेखी परीक्षांबाबत केंद्र शासनाने ऑगस्ट २०१८ मध्ये ज्या सूचना काढल्या त्यांत दर तासास किमान वीस मिनिटे भरपाई वेळ आणि लेखनिक यांची तरतूद झाली. पण ती ४० टक्के व त्यावरील अपंगत्वासाठी होती. अंध, दोन्ही हात बाधित असलेले आणि सेरेब्रल पाल्सी झालेले विद्यार्थी यांखेरीज इतरांना आणखी एक दाखला आणावा लागे: त्यांना लिहिण्यास शारीरिक मर्यादा आहे असा. मनोविकाराचा विद्यार्थी या शब्दापाशी अडतो. त्याची बोटे धड असतात. अडथळा बोटांपर्यंत पोचण्याआधीच उभा राहिलेला असतो.

न्यायालयांनी ही रेषा हळूहळू सैल केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये, हाताने लिहिणे कठीण झालेल्या एका उमेदवाराच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की वाजवी सोयीचा हक्क ४० टक्क्यांवर अवलंबून नाही. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये, ४० टक्क्यांहून कमी अपंगत्व असून लिहिण्यात अडचण असलेल्यांसाठी स्वतंत्र सूचना निघाल्या. फेब्रुवारी २०२५ च्या निकालात, निश्चित प्रमाणाच्या अपंगत्वाला मिळणाऱ्या परीक्षेतील सोयी सर्व अपंग उमेदवारांना मिळाव्यात, असा निर्देश न्यायालयाने दिला. डिसेंबर २०२१ च्या एका निकालाचा संबंध तर थेट मनोविकाराशी आहे. केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याला मंत्रचळ आणि नैराश्य होते. त्याच्या वर्तनावरून सुरू झालेली शिस्तभंगाची कारवाई न्यायालयाने भेदभावाची ठरविली. अपंगत्वामुळे घडलेल्या वर्तनाला निव्वळ बेशिस्त समजता येत नाही, हा त्यातील आशय ज्यांच्या हजेरीपटावर गैरहजेरीच्या लाल खुणा आहेत अशा विद्यार्थ्यांनाही लागू पडणारा आहे.

यावरून निष्कर्ष असा निघतो, की टक्केवारीचे प्रमाणपत्र आणि सोयीचा आधार या दोन वेगळ्या वस्तू आहेत. प्रमाणपत्र सांगते की अपंगत्व किती आहे. महाविद्यालयाला जाणून घ्यावयाचे असते ते हे, की या विद्यार्थ्याला नेमके कोठे अडते आणि काय केले असता अडणार नाही. त्याचे उत्तर टक्केवारीत सापडत नाही. ते उपचार करणाऱ्या तज्ज्ञाच्या अहवालात असावे लागते.

अहवालात काय असावे

पुष्कळदा विद्यार्थी डॉक्टरांकडून एक छोटी चिठ्ठी आणतो. तीत एवढेच असते, की रुग्ण उपचार घेत आहे, योग्य ती मदत करावी. हेतू चांगला असला तरी अशा चिठ्ठीने कोणाचेही काम होत नाही. प्राचार्य कितीही सहृदय असले तरी ‘योग्य ती मदत’ म्हणजे काय, हे त्यांनी कशावरून ठरवावे? चांगल्या अहवालात पाच गोष्टींची उत्तरे असतात. निदान काय, ते कोणी व कधी केले. आजार केव्हापासून आहे आणि त्याची चाल कशी आहे. उपचार कोणते चालू आहेत व त्यांचे कोणते परिणाम अभ्यासावर होतात. अभ्यासाच्या व परीक्षेच्या कोणत्या क्रियेत अडचण येते. आणि त्या अडचणीवर कोणती सोय सुचविली आहे, ती कोणत्या कारणाने, व किती काळासाठी. यांपैकी चौथी आणि पाचवी बाब हा अहवालाचा प्राण होय.

सोय आणि अडचण यांची जोडी जुळली पाहिजे. द्विध्रुवी विकारावर लिथियम घेणाऱ्यांपैकी काहींचे हात कापतात. त्यांना लेखनिक किंवा संगणकावर लिहिण्याची मुभा हवी. रात्रीच्या औषधाने सकाळी गुंगी राहत असेल तर दुपारची परीक्षा अधिक न्याय्य. ते शक्य नसेल तर औषधाची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांनी पाहावे. एकाएकी भीतीचा झटका येणाऱ्याला दाराजवळची जागा आणि पाच मिनिटे बाहेर जाऊन येण्याची परवानगी पुरते, परंतु तेवढा वेळ त्याला शेवटी भरून मिळाला पाहिजे. तीव्र नैराश्यात परीक्षेपेक्षा हजेरी व दैनंदिन कामे यांचा प्रश्न बिकट असतो. तेथे प्रकल्पाची मुदत वाढविणे किंवा एका सत्रात कमी विषय घेऊ देणे हे भरपाई वेळेपेक्षा उपयुक्त. छिन्नमनस्कतेच्या आघातानंतर रुग्णालयातून परतणाऱ्याला सर्वांत जास्त गरज असते ती, आपली जागा राखून ठेवलेली आहे या खात्रीची.

मंत्रचळाचे उदाहरण या संदर्भात विशेष विचार करावयास लावणारे आहे. वरवर पाहता त्या विद्यार्थिनीला भरपूर जादा वेळ द्यावा असे वाटेल. परंतु तपासण्याची ओढ वेळेबरोबर वाढत जाते. अमर्याद वेळ दिला तर ती अमर्याद तपासत बसेल. त्यामुळे तिच्यावर उपचार करणारा तज्ज्ञ कदाचित मोजकाच जादा वेळ सुचवील, त्याबरोबर गजबजाटापासून दूर अशी खोली मागेल, आणि प्रश्नपत्रिकेचे भाग एकामागून एक देऊन पूर्ण झालेला भाग परत घ्यावा असे म्हणेल. हा निर्णय रोगाच्या नावावरून कारकुनाला करता येत नाही, आणि केवळ टक्केवारीवरून तर मुळीच नाही. यासाठी रुग्णाला ओळखणारा तज्ज्ञ लागतो. आणि तज्ज्ञाला परीक्षेची रीत समजावून सांगणारा विद्यार्थीही लागतो.

विद्यार्थ्याच्या स्वतःच्या सांगण्याला म्हणूनच पुराव्यात जागा असली पाहिजे. अमेरिकेत उच्चशिक्षण व अपंगत्व या विषयात काम करणाऱ्या संघटनेने २०१२ साली जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली त्यांत विद्यार्थ्याचे स्वतःचे निवेदन हा प्राथमिक आधार मानला आहे. बाहेरच्या तज्ज्ञांची कागदपत्रे तिसऱ्या स्थानी आहेत. भारतातील कार्यालये एवढा विश्वास लगेच टाकतील असे नाही. तरीही एका पानाचे निवेदन अहवालासोबत जोडावे. मागील तीन परीक्षांत काय घडले, किती प्रश्न सुटले, कोणत्या उपायाने थोडा फरक पडला, एवढे त्यात साध्या शब्दांत असावे.

अर्ज लेखी द्यावा, त्याच्या झेरॉक्स प्रती ठेवाव्यात आणि आवक क्रमांकासह पोच घ्यावी. निर्णयही लेखी मागावा. कारण तोंडी आश्वासन देणारे प्राध्यापक परीक्षेच्या दिवशी दुसऱ्या दालनात असतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने रुग्णाला आपल्या वैद्यकीय नोंदी मिळण्याचा हक्क दिलेला आहे. त्यामुळे केसपेपरची प्रत मागणे हे रुग्णालयावर उपकार मागणे ठरत नाही.

किती सांगावे आणि कोणाला

कागद तयार झाला तरी अनेक कुटुंबे तो पेटीतून बाहेर काढीत नाहीत. मुलीचे लग्न कसे जमेल, नोकरीच्या वेळी कोणी विचारले तर काय सांगावे, शेजाऱ्यांच्या कानावर गेले तर काय होईल, अशा शंका त्यामागे असतात. त्या शंका पोकळ आहेत असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. समाजात मनोविकाराविषयी अढी आहेच. परंतु नोंद करणे आणि जाहीर करणे यांत अंतर आहे. प्रमाणपत्र काढले म्हणून ते सर्वत्र दाखवावे असे बंधन नाही; जेथे सोय किंवा लाभ हवा तेथेच ते दाखवावयाचे असते. उपर्युक्त २०१७ च्या अधिनियमाने रुग्णाच्या माहितीची गुप्तता राखण्याचे कर्तव्य उपचार करणाऱ्यांवर टाकले आहे.

महाविद्यालयानेही हीच मर्यादा पाळली पाहिजे. अहवाल एकाच जबाबदार अधिकाऱ्याकडे बंद पाकिटात राहावा. परीक्षा विभागाला जावयाच्या आदेशात रोगाचे नाव असण्याचे कारण नाही. ‘स्वतंत्र खोली, दर तासास वीस मिनिटे अधिक’ एवढे पुरे. पर्यवेक्षकाला घड्याळ कळले पाहिजे, निदान नव्हे. सूचनाफलकावर नावांची यादी लावून मदत देणारी संस्था एका हाताने देते आणि दुसऱ्या हाताने काढून घेते. जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने जी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली त्यांत शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा असे म्हटले आहे. पाकीट कोणाच्या हाती द्यावे, या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळू शकेल.

शेवटचा निर्णय विद्यार्थ्याचा आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलीने काय सांगावे आणि काय राखावे हे घरातील मोठ्यांनी तिच्याऐवजी ठरवू नये. तिने अर्ज केला नाही तरी तिला दोष देता येणार नाही. मात्र अर्ज करता येतो हे तिला माहीत असले पाहिजे.

बनशंकरीतील त्या विद्यार्थिनीचा विचार पुन्हा करू. तिने अहवाल आणि निवेदन दिले, स्वतंत्र खोली मिळाली, थोडा वेळ वाढवून मिळाला. याचा अर्थ ती प्रथम वर्गात येईल असा नाही. कदाचित एखादा विषय पुन्हाही राहील. पण या वेळी तो राहिला तर तो विषय न आल्यामुळे राहील, शंकेने तिचा हात धरून ठेवल्यामुळे नव्हे. उत्तरपत्रिकेवर तिचे ज्ञान तपासले जाईल, तिचा आजार तपासला जाणार नाही. नोंदीच्या या सर्व खटाटोपाचा हेतू एवढाच आहे.